जुनी रिव्हॉल्व्हर घेताना आधी मुठीचा तळ बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी डॅलसमध्ये राहतो. ग्रीन कार्ड याच वर्षी आलं. एप्रिलमध्ये तुलसाच्या गन शोला जायचा विचार आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्या काळातली एखादी जमवण्याजोगी रिव्हॉल्व्हर घ्यावी असं खूप दिवस मनात आहे. बजेट हजार डॉलर. काय बघायचं, फसगत कशी टाळायची?"

आधी आजोबांचं बोलू, कारण काय शोधायचं ते त्यावर ठरेल. आजोबा शिपाई किंवा नाईक असतील, तर त्यांच्या हातात बहुधा ली-एनफिल्ड रायफल होती. रिव्हॉल्व्हर असायची साहेबाच्या कमरेला. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात ज्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला (मरणोत्तर), त्या लढाईतल्या मराठा पलटणीच्या अधिकाऱ्यांकडे एनफिल्ड नंबर २, वेबली किंवा अमेरिकेतून आलेली स्मिथ अँड वेसन, यांपैकी काहीतरी असणार. तुलसाला यातली सर्वांत सहज सापडते ती स्मिथ अँड वेसन. तिला जमवणारे लोक 'व्हिक्टरी मॉडेल' म्हणतात. हजार डॉलरमध्ये एक बरी, मूळ स्थितीतली व्हिक्टरी मिळू शकते. म्हणून पुढचं बरंचसं तिच्याच अनुषंगाने लिहितो. पारखायची रीत मात्र त्या काळातल्या कुठल्याही रिव्हॉल्व्हरला लागू पडते.

आता कायद्याचं. हे आज वाचून आजच हालचाल करा, एप्रिलची वाट बघू नका. तुम्ही टेक्सासचे रहिवासी, शो ओक्लाहोमात. तिथली निम्मी टेबलं दुकानदारांची नसतात, तुमच्याआमच्यासारख्या हौशी लोकांची असतात. ओक्लाहोमाच्या खासगी माणसाने टेक्सासच्या खासगी माणसाला हँडगन विकणं हा फेडरल गुन्हा आहे. टेबलामागचा माणूस "चालतं हो, कोण बघतंय" म्हणाला तर तिथून सरळ पुढे व्हा. दुकानदार असला तरी तो तुमच्या हातात देऊ शकत नाही. त्याला ती तुमच्या गावच्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवावी लागते. तिथे तुम्ही फॉर्म भरता, पार्श्वभूमीची तपासणी होते, मग ताबा मिळतो.

यावर सरळ मार्ग आहे, 'क्युरिओ अँड रेलिक' परवान्याचा. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्थितीतली शस्त्रं या वर्गात येतात. परवाना तीन वर्षांचा, फी ३० डॉलर, अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखाकडे जाते. हातात यायला दोनेक महिने धरा. तो खिशात असेल तर दुसऱ्या राज्यातूनही जुनी रिव्हॉल्व्हर थेट घेऊन घरी येता येतं. फक्त एक वही ठेवावी लागते. कधी, कोणाकडून, कोणत्या नंबरची घेतली ते त्यात लिहायचं. ही वही मी तरी देवघराशेजारच्या कपाटात ठेवतो, कारण घरात तेवढंच एक कपाट मुलं उघडत नाहीत.

तुमच्यासारखाच प्रश्न एच-१बीवर असलेली मंडळीही विचारतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. तात्पुरत्या व्हिसावर असताना बंदूक बाळगणं फेडरल कायद्याने मना आहे. शिकारीचा वैध परवाना असणं हा त्यातला मुख्य अपवाद. तेवढ्यावर विसंबण्याआधी वकिलाशी बोला. उगाच एका छंदापायी ग्रीन कार्डाचा अर्ज पाण्यात जायला नको. १८९८ किंवा त्याआधी बनलेली शस्त्रं फेडरल कायद्यात 'अँटिक' धरली जातात आणि त्यांना हे नियम लागत नाहीत, पण राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाच्या लोकांनी टेक्सासच्या मित्राचं ऐकून काहीही करू नये.

आता शो. तुलसाचा शो वर्षातून दोनदा भरतो, एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये, एक्स्पो स्क्वेअरच्या एका अवाढव्य इमारतीत. एका छपराखाली अकरा एकर जागा आणि चार हजारांवर टेबलं. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला पुण्याचा जुना बाजार आठवला. बुधवारी आणि रविवारी भरायचा तोच, एका चादरीवर कुलपं, शेजारी ग्रामोफोनचा कर्णा, त्यापुढे पितळी दिवे. इथेही तसंच. एका टेबलावर तीस हजार डॉलरची कोल्ट काचेखाली मखमलीवर, आणि बाजूच्या टेबलावर सुके मांस, चाकू नि टोप्या. अख्खं हॉल दोन दिवसांत पाहून होत नाही. मी शनिवारी सकाळी फक्त चालतो, काही घेत नाही. वहीत टेबलाचा क्रमांक टिपतो. रविवारी दुपारी, परत बांधाबांध करण्याचा कंटाळा लोकांना येऊ लागला की टिपलेल्या चारपाच टेबलांकडे वळतो. घासाघीस तेव्हा होते. अर्थात शनिवारी आवडलेली वस्तू रविवारी गेलेली असण्याचा धोका आपला.

सोबत काय न्यायचं: नळीत मावेल असा छोटा टॉर्च, दहापट भिंग, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), स्क्रूत बसेल असा सपाट तोंडाचा चांगला स्क्रू-ड्रायव्हर, सुती फडकं, .३८ स्पेशल या काडतुसाचं एक रिकामं पितळी टरफल (ते कशाला ते पुढे येईल) आणि रोख पैसे. भरलेलं शस्त्र आत चालत नाही. टेबलावरच्या बंदुकांना बहुतेक वेळा प्लास्टिकची पट्टी घातलेली असते. सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) उघडून बघायचं असेल तर "पट्टी काढाल का?" असं विचारायचं, स्वतः हात घालायचा नाही. विचारल्याशिवाय चाप ओढायचा नाही. आणि कृपा करून सिनेमातल्यासारखं मनगट झटकून सिलिंडर बंद करू नका. त्याने योक वाकतो. योक म्हणजे सिलिंडर ज्या हाताला धरून बाहेर येतो तो भाग. टेबलामागचा म्हातारा तुमच्याशी त्या क्षणापासून नीट बोलणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. बघून झाल्यावर फडक्याने पुसून परत द्या. घामाच्या बोटांनी लोखंडावर गंज धरतो.

माझी पहिली खरेदी याच शोमध्ये झाली, २००३ साली. निकेलची, आरशासारखी लखलखणारी स्मिथ अँड वेसन, मिलिटरी अँड पोलीस मॉडेल. ३७५ डॉलर मोजले. हॉटेलवर येऊन मी ती एका मुरलेल्या जमवणाऱ्याला दाखवली. त्याने हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाला, "घोडा बघ." घोडा म्हणजे हॅमर, चाप ओढला की काडतुसावर आपटतो तो भाग. मी बघितला. घोडाही निकेलचा, चापही निकेलचा. स्मिथ अँड वेसनचा कारखाना घोडा आणि चाप भट्टीत वेगळ्या पद्धतीने कठीण करत असे. त्यावर तपकिरी, निळे, करडे असे ढगाळ रंग उतरतात. निकेलची रिव्हॉल्व्हर असली तरी कारखाना हे दोन भाग सहसा तसेच ठेवायचा. घोडा चकाकला म्हणजे कोणीतरी ती कुठल्याशा प्लेटिंगवाल्याकडे सबंध बुडवून आणली. जमवणाऱ्याच्या लेखी तिची निम्मी किंमत त्याच टाकीत राहिली. मी ती पुढे २०० ला विकली आणि घेणाऱ्याला घोड्याचं सांगून विकली.

तेव्हापासून मी चकाकणाऱ्या जुन्या बंदुकीकडे जुन्या तांब्याच्या भांड्याला ताजी कल्हई असावी तसा बघतो. कल्हई वाईट नाही. फक्त खाली काय आहे ते दिसत नाही. या छंदात घासलेलं, डागाळलेलं पण मूळचं ब्लूइंग (पोलादावर चढवलेला निळा-काळा थर) हे नव्याने केलेल्या सुंदर ब्लूइंगपेक्षा कितीतरी महाग असतं, हे आपल्या लोकांच्या पचनी पडायला वेळ लागतो. आपल्याला घर रंगवूनच विकायची सवय.

नवं पॉलिश ओळखायचं कसं? आधी अक्षरं बघा. भिंग लावून, टॉर्च आडवा धरून. मूळ शिक्का ठोकताना अक्षराच्या कडेला धातू किंचित उचलला जातो, कडा धारदार राहते. बफ फिरला की कडा गोलावतात, बारीक रेघा पुसट होतात, कंपनीच्या चिन्हातली नाजूक नक्षी अर्धी गायब होते. मग स्क्रूची भोकं बघा. बफचं चाक मऊ असतं, ते भोकाच्या तोंडाशी आत बुडतं, आणि भोकाभोवती बशीसारखा खळगा तयार होतो. उजव्या अंगाला साइडप्लेट बसवलेली असते. मूळ बंदुकीत तिची जोडरेघ नखालाही लागत नाही. पुन्हा पॉलिश केलेल्या बंदुकीत त्या रेघेच्या दोन्ही कडा ढळलेल्या असतात आणि बोट फिरवलं की कळतं. शेवटी झीज कुठे आहे ते बघा. होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या चामडी म्यानात, वर्षानुवर्षं राहिलेल्या रिव्हॉल्व्हरचं ब्लूइंग नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांवर उडालेलं असतं. खाचखळगे दिसतात पण त्या खळग्यांच्या आतही एकसारखा निळा रंग आहे, म्हणजे गंज आधी आणि रंग नंतर.

एक खूण मात्र कारखान्याच्याच हातची असते. मुठीच्या तळाला नंबराशेजारी छोटी चांदणी ठोकलेली दिसली, तर ती रिव्हॉल्व्हर कधीतरी स्प्रिंगफील्डला कारखान्यात दुरुस्तीला परत गेली होती. लाकडी मूठ काढली की डाव्या बाजूला महिना-वर्षाचा आकडाही बऱ्याचदा सापडतो. कारखान्यात झालेलं पॉलिश हे गल्लीतल्या पॉलिशपेक्षा बरं मानतात, तरी मूळचं ते नव्हेच.

आता नंबर. शीर्षकात तळाचं लिहिलं ते यासाठी. स्मिथ अँड वेसनच्या त्या काळातल्या रिव्हॉल्व्हरचा खरा अनुक्रमांक मुठीच्या तळाला असतो. व्हिक्टरीला तळाशी दोरी अडकवायची कडी असते, नंबर त्या कडीच्या बाजूने ठोकलेला. नवखे लोक सिलिंडर उघडतात, योकच्या खोबणीत एक आकडा दिसतो आणि तोच नंबर समजून वहीत लिहितात. तो जुळणीच्या वेळी कारागिरांनी घातलेला आकडा आहे, त्याला काही अर्थ नाही. खरा नंबर तळाशी पाहिला की तोच सिलिंडरच्या मागच्या तोंडावर शोधा, नळीच्या खालच्या अंगाला शोधा (सिलिंडर बाहेर काढल्यावर दांडी जिथे बसते त्या सपाटीवर), आणि टरफलं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागामागेही. सगळीकडे एकच आकडा आला तर रिव्हॉल्व्हर पूर्ण आहे. नळी किंवा सिलिंडर दुसऱ्या नंबरचं निघालं, तर ती दोन-तीन बंदुकांची भेळ. चालवायला उत्तम, जमवायला नको.

नंबराची पाचवी जागा मुठीच्या लाकडाच्या आत, उजव्या फळीच्या पाठीला. ती बघायची तर आधी मालकाची परवानगी काढा. स्क्रू पूर्ण काढू नका. तीनचार फेरे सैल करा आणि स्क्रूच्या डोक्यावर ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. पलीकडची फळी आपसूक सुटते. नख किंवा पातं घालून उचकटलं तर लाकडाची कड चिरते, आणि ऐंशी वर्षं जपलेली फळी तुमच्या हातून गेली म्हणजे ती तुमचीच झाली समजा.

व्हिक्टरी म्हणजे मिलिटरी अँड पोलीस मॉडेलचीच युद्धकाळातली आवृत्ती, आणि हे नाव नंबरातल्या 'व्ही'वरून आलं. मिलिटरी अँड पोलीस मॉडेलचे आकडे १९४२ मध्ये दहा लाखांवर पोहोचले, मग कारखान्याने 'व्ही' लावून पुन्हा एकपासून सुरुवात केली. मूळ व्हिक्टरी दिसायला अजिबात देखणी नाही. युद्धाची घाई, चकचकीत पॉलिशला वेळ नाही, म्हणून वरचा थर दगडी पाट्यासारखा करडा-काळा, चमक नसलेला, आणि मूठ साध्या गुळगुळीत अक्रोडाची. व्हिक्टरी जर लखलखीत निळी किंवा निकेलची दिसली तर ती युद्धानंतर कोणीतरी सजवून विकलेली आहे. १९४०-४१ च्या आसपासच्या, 'व्ही'च्या आधीच्या काही मात्र खरंच चकचकीत निळ्या होत्या. त्या दोन्हींत गल्लत करू नका.

तुम्हाला हवी ती ब्रिटिश फौजांसाठीची. अमेरिकन नौदलाला गेलेल्या व्हिक्टरीत .३८ स्पेशल काडतूस चालतं, नळी साधारणपणे चार इंची. ब्रिटन आणि कॉमनवेल्थसाठी बनलेली .३८ स्मिथ अँड वेसन या दुसऱ्याच काडतुसासाठी असते, २०० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी असलेल्या ब्रिटिश काडतुसावरून तिला '३८/२००' म्हणतात, आणि नळी बहुतेक पाच इंची. नावं सारखी असली तरी काडतुसं वेगळी. ब्रिटिश काडतूस आखूड आणि जाड, अमेरिकन लांब आणि बारीक.

इथेच सगळ्यात मोठा सापळा आहे. युद्धानंतर या हजारो रिव्हॉल्व्हर अमेरिकेत स्वस्तात परत आल्या. इथे .३८ स्पेशल काडतूस जिथेतिथे मिळायचं, ब्रिटिश काडतूस नाही. म्हणून व्यापाऱ्यांनी सिलिंडरमधली भोकं खोलवर कोरून .३८ स्पेशल बसेल अशी केली, आणि जोडीला पाच इंची नळी कापून दोन इंची केली. कोरलेलं भोक मागच्या बाजूला काडतुसापेक्षा रुंद राहतं, त्यामुळे टरफल फुगतं, कधी चिरतं. जमवणाऱ्याच्या दृष्टीने ती संपली. शिवाय 'मूळ स्थितीतली' ही अट मोडल्यामुळे ती तुमच्या तीस डॉलरच्या परवान्यात बसेल का, हाही प्रश्न.

ते रिकामं टरफल याच्यासाठी. मालकाला विचारून ते सिलिंडरच्या भोकात सोडा. न कोरलेल्या भोकात ते जवळपास दोन तृतीयांश आत जाऊन अडतं, सेंटिमीटरभर बाहेर राहतं. कोरलेलं असेल तर काठापर्यंत गपकन आत जातं. सहाच्या सहा भोकांत करून बघा. दहा सेकंदांचं काम, पण शेकडो डॉलर वाचतात. जिवंत काडतूस मात्र खिशात न्यायचं नाही, हे सांगायला नकोच.

कापलेली नळी ओळखणं सोपं आहे. मूळ नळीवर नेम धरायची माशी नळीच्याच धातूतून घडवलेली, अर्धचंद्रासारखी असते. कापलेल्या नळीवर ती वेगळी लावावी लागते, त्यामुळे डाग दिसतो किंवा पिन. वरच्या अंगावरच्या पत्त्याच्या ओळी मधेच तुटतात किंवा एका बाजूला सरकल्यासारख्या वाटतात. मुठीच्या तळाच्या कडीचं भोकही बघा. खासगी वापरासाठी विकताना बऱ्याच जणांनी कडी काढून भोक बुजवलं.

नळीवरच्या शिक्क्यांचा एक आनंद आहे. फौजेतून बाहेर काढून ब्रिटनमध्ये बाजारात विकायची तर ती तिथल्या प्रूफ हाउसमधून (बंदूक स्फोटाचा दाब सोसते का ते तपासणारी संस्था) तपासून घ्यावी लागे. त्यामुळे नळीवर बारीक अक्षरांत '३८', '.७६७' आणि '३½ टन' असं काहीतरी दिसतं, १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या मालावर शेजारी 'नॉट इंग्लिश मेक'. हा मुकुट-आकड्यांचा पसारा पाहून लोक घाबरतात, मी उलट खूश होतो. ही ब्रिटनला जाऊन आली हे तरी त्यातून कळतं. ऑस्ट्रेलियात गेलेल्यांवर 'एफटीआर' आणि सालाचे आकडे असतात, म्हणजे तिथे कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाली. आणि नळीवर किंवा फ्रेमवर अलीकडच्या आयातदार कंपनीचं नाव ठळक कोरलेलं असेल तर किंमत खाली घ्या.

यंत्र चालतं का ते बघायची पद्धत. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढण्याआधी सिलिंडर 'टिक' करून जागेवर अडकायला हवं. सहाही वेळा. उशिरा अडकत असेल, किंवा तुम्ही शेवटी बोटाने ढकलल्यावर अडकत असेल, तर आतला पंजा झिजला आहे. घोडा चढलेला असताना मागून अंगठ्याने हलकं दाबा, तो चाप न ओढता निसटता कामा नये. सिलिंडर पुढेमागे हलवून बघा. किंचित हालचाल चालते, खटखट नको. कोल्टची जुनी रिव्हॉल्व्हर हातात आली तर लक्षात ठेवा, चाप दाबून धरल्यावर तिचं सिलिंडर दगडासारखं घट्ट व्हायला हवं. स्मिथ अँड वेसनला किंचित डावंउजवं हलण्याची मुभा आहे. नळी आणि सिलिंडरमधली फट फीलर गेजने मोजा. साधारण ०.०१० इंचाच्या वर गेली तर मी दहा वेळा विचार करतो. शेवटी टॉर्च टाकून नळीतून बघा. मध्येच काळं, आंगठीसारखं वर्तुळ दिसलं तर कधीतरी गोळी आत अडकली असताना दुसरी झाडली गेली. बाहेरून बोट फिरवलं तर कधी कधी तिथे नळी फुगलेलीही जाणवते.

चालवण्याचा विचार असेल तर एक सावधगिरी. १९४४ मध्ये एक व्हिक्टरी खाली पडून गोळी सुटली आणि एका अमेरिकन खलाशाचा जीव गेला. त्यानंतर कारखान्याने घोडा अडवणारा नवा भाग बसवला आणि नंबरात 'व्ही'च्या आधी 'एस' लावला. जुन्यांपैकी पुष्कळशांना तो भाग नंतर घातला गेला, सगळ्यांना नाही. म्हणून घोड्याखालचं घर रिकामं ठेवूनच बाळगा.

टेबलामागचा माणूस गोष्ट सांगणारच. "ही इटलीत होती", "एका मेजरकडची आहे". तुलसाला ही गोष्ट तुमच्या आजोबांच्या उल्लेखानंतर तयार होण्याचीही शक्यता आहे, म्हणून तुमचा हेतू आधी सांगू नका. इथले जुने लोक म्हणतात, बंदूक विकत घ्या, गोष्ट नको. कागद असेल तर गोष्टीला पैसे. कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून स्मिथ अँड वेसनची हिस्टॉरिकल फाउंडेशन नंबर घेऊन पत्र देते, कारखान्यातून कधी निघाली आणि कुठे पाठवली ते त्यात असतं. पण ती कोणत्या साहेबाच्या कमरेला होती ते त्यात नसतं.

गोष्टींचा मोह कोल्टच्या बाबतीत तर विचारूच नका. १८७३ च्या 'सिंगल अॅक्शन आर्मी' या मॉडेलवर सैन्याचे तपासनीस ऑर्व्हिल एन्सवर्थ यांचे 'ओडब्ल्यूए' शिक्के असले की किंमत आभाळाला भिडते, म्हणून खोटे शिक्के ठोकणाऱ्यांचीही एक परंपराच झाली आहे. हजार डॉलरात असं काही मिळतंय असं वाटलं तर ते मिळत नाहीये.

स्वप्नातल्या दोन गोष्टी सांगतो, डोळे उघडे ठेवा. दोन्ही स्मिथ अँड वेसनच्याच. १९०८ ते १९१५ मधली 'ट्रिपल लॉक', सुमारे पंधरा हजार बनल्या. सिलिंडर बंद झालं की दोनाऐवजी तीन ठिकाणी अडकतं, तिसरं कुलूप योकपाशी. आणि १९३५ पासूनची 'रजिस्टर्ड मॅग्नम', जी महामंदीच्या दिवसांत ६० डॉलरला गिऱ्हाइकाच्या मापाने बनवून मिळायची. योकच्या खोबणीत 'आरईजी' आणि आकडा दिसला की तीच. इथे योकमधला आकडा कामाचा आहे, मघाच्या नियमाला हाच अपवाद. सापडली, आणि टेबलामागे वडिलांच्या वस्तू विकणारी मुलगी बसलेली असली, तर तिला सांगा काय आहे ते. मी एकदा सांगितलं. तिने माझ्याशी भाव केला नाही, लिलावाला पाठवली, आणि नंतर मला दिवाळीत नाही पण ख्रिसमसला कार्ड पाठवते.

माझी व्हिक्टरी २०११ च्या नोव्हेंबरची. रविवार, तीन वाजत आलेले. चाकूंच्या टेबलाच्या कोपऱ्यात, चुलीच्या धुरात ठेवल्यासारखी काळवंडलेली, कडी जागेवर, टरफल सहाही घरांत बाहेर अडकलं. मूठ सैल केली, उजवी फळी हातात आली. पाठीला लाकडात ठोकलेला आकडा धुळीने भरला होता. फडक्याने पुसला आणि तळाच्या नंबराशी पडताळला, सहा अंक, एकेक करून. मालक विचारत होता, "काही हरवलंय का?" ३२५ दिले. घरी आणून मी तिला फक्त तेलाचं बोट लावलं. तुम्हीही तेवढंच करा. घासायची पावडर, लोखंडी तारेचा ब्रश, ब्लूइंगची बाटली, काही नाही.

वडिलांना दाखवायला भारतात नेण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. दोन्ही देशांच्या परवानग्या लागतात, आणि .३८ बोअर भारतात सामान्य परवान्यावर मिळत नाही. कानपूरच्या कारखान्याची नागरी रिव्हॉल्व्हर .३२ ची आहे ती त्यामुळेच. माझे मामा फौजदार होते, त्यांच्याकडे सरकारी वेबली होती. माझी व्हिक्टरी त्यांनी व्हिडिओवर पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "कडी आहे का रे खाली?"

घेतलीत की फोटो पाठवा. मुठीचा तळ, नळीची खालची बाजू, सिलिंडरची पाठ आणि उजव्या फळीचा आतला भाग, एवढे चार. डावी-उजवी बाजू नाही पाठवली तरी चालेल.